फ्लोअरिंगच्या कामात हातातली सर्क्युलर सॉ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी घोडबंदर रोडला राहतो, लॅमिनेट आणि लाकडी फ्लोअरिंगची कामं घेतो, बहुतेक ठाण्यातच, कधी ऐरोली-कोपरखैरणे, कधी थेट खारघर. लोक फोन करतात फ्लोअरिंगचा भाव विचारायला आणि बोलता बोलता मशीनवर येतात, कोणाला सुट्टी टाकून स्वतःची बेडरूम स्वतः करायचीय, कोणाकडे नवीन पोरगा कामाला लागलाय आणि त्याच्या हातात मशीन द्यायची भीती वाटते. तेच तेच प्रश्न येतात म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय. थोडं लांबलंय, पण घाईत वाचायचा विषय नाहीये हा.

सर्क्युलर सॉ म्हणजे नक्की कुठली मशीन? आमचा मिस्त्री तर मार्बल कटरनेच लाकूड कापतो.

पहिला घोळ हाच. बहुतेक साइटवर तुम्हाला चार इंची मार्बल कटरच दिसेल, त्यात ११० एमएमचं लाकडाचं ब्लेड बसवलेलं, २० एमएमचं भोक जुळतं ना, म्हणून बसतं. स्वस्त पडते, हलकी असते, एका हातात मावते, आणि नेमकं ते एका हातात मावणंच घात करतं, कारण दुसरा हात मग फळी धरायला जातो, थेट ब्लेडच्या वाटेत.

सर्क्युलर सॉ वेगळी. साधारण सव्वासात इंची म्हणजे १८५ एमएमचं ब्लेड, खाली सपाट पत्र्याचा बेस, दोन मुठी, वरचा गार्ड फिक्स आणि खालचा गार्ड स्प्रिंगवर. तो खालचा गार्ड फळीला टेकला की मागे सरकतो आणि कट संपला की खटकन परत येऊन ब्लेड झाकतो. मार्बल कटरला हा खालचा गार्ड नसतोच, कारण ती बनलीय दगडासाठी, आणि दगडाचं डायमंड ब्लेड घासत जातं, त्याला दात नसतात. लाकडाचं ब्लेड घासत नाही, चावतं. वर स्पीड बघा, मार्बल कटर मिनिटाला बारा-तेरा हजार फेरे मारते, सर्क्युलर सॉ पाच-साडेपाच हजार. हिशोब केला तर सॉच्या ब्लेडचा दात ताशी १९० किलोमीटरच्या आसपास पळतो आणि मार्बल कटरमधल्या ब्लेडचा अडीचशेच्या आसपास. कट झाला, मशीन उचलून मांडीजवळ घेतली, बटण सोडलंय तरी ते उघडं ब्लेड अजून फिरतंय आणि समोर तुमची सुटी पँट.

आमच्याकडे पण आधी असंच चालायचं, खोटं कशाला बोलू. मशीन बदलली तेव्हा पोरं कुरकुरली, जड आहे म्हणाली. महिन्याभरात सवय झाली.

आणि ग्रायंडरला लाकडाचं ब्लेड लावलं तर?

नाही. मॅन्युअलमध्येच लिहिलेलं असतं की दातवालं ब्लेड ग्रायंडरला लावू नका. हे करणारा कोणी दिसला तर त्याच्या साइटवर थांबूसुद्धा नका.

फ्लॅटमध्ये जागाच नसते, मग कापायचं कुठे?

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हा आहे आणि हाच सगळ्यात कमी विचारला जातो. लोक मशीनचे वॅट विचारतात, ब्लेडचा ब्रँड विचारतात, पण फळी कशावर ठेवणार हे कोणी ठरवतच नाही. मग काय होतं, पोरगा उकिडवा बसतो, फळी पायाखाली दाबतो, अर्धी फळी खोक्यावर अर्धी हवेत, आणि मशीन चालू. आमच्याकडे पटाशी-करवतीच्या जमान्यापासून पायाने लाकूड दाबायची सवय आहे, माझे वडील तसंच करायचे आणि हातकरवतीला ते चालूनही जातं कारण करवत अडकली की हात थांबतो. मशीन अडकली की मशीन थांबत नाही, ती उडते.

म्हणून सामान वर आलं की आम्ही पहिला अर्धा तास कापायची जागा बनवतो. एक जुना फ्लश डोअर किंवा १८ एमएम प्लायचा तुकडा, साधारण फळीएवढा लांब आणि दोन फूट रुंद, तो दोन स्टूलांवर किंवा दोन घोड्यांवर, म्हणजे सुतारी स्टँडवर, कमरेच्या जरा खाली येईल असा. त्याच्यावर फळी पूर्ण आडवी टाकायची आणि शिकंज्याने आवळायची, दोन सी क्लॅम्प पुरतात. ब्लेड खालच्या प्लायमध्ये चार-पाच एमएम खाच पाडत जातं, पाडू दे, तो प्लाय त्याच्यासाठीच आहे. म्हणजे कापलेला तुकडा लटकत नाही, पडत नाही, मध्येच मोडून त्याची कुसळं निघत नाहीत. घोडे ठेवायलाही जागा नसेल तर फ्रिज किंवा टीव्हीच्या पॅकिंगमधला जाड थर्माकोलचा सपाट तुकडा जमिनीवर टाकून त्याच्यावर गुडघे टेकून कापता येतं, पांढरे कण सगळीकडे होतात आणि घरमालकीणबाई वैतागतात, पण फळी हलत नाही.

गॅलरीत कापायचा मोह टाळा. एक म्हणजे भुसा खालच्या मजल्यावरच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर जातो आणि मग सेक्रेटरीचा फोन. दुसरं म्हणजे गॅलरी अरुंद, मागे सरकायला जागा नाही, पावसाळ्यात लादी ओली.

किकबॅक म्हणजे काय? तो का येतो?

मशीन अचानक फळीतून उसळून तुमच्याच दिशेने मागे येते, तो किकबॅक. ब्लेडचे दात पुढच्या बाजूला खालून वर जात असतात. ब्लेड फटीत चिमटलं गेलं की फिरायची ताकद जाणार कुठे, ती अख्ख्या मशीनला उचलते आणि मागे फेकते. हे डोळ्याची पापणी लवायच्या आत होतं, सावध असलात तरी थांबवता येत नाही, त्यामुळे मी घट्ट धरेन वगैरे सांगू नका.

चिमटतं कधी? सगळ्यात नेहमीचं म्हणजे आधार दोन टोकांना आणि कट मधोमध. फळी मध्ये खचते, कापलेली फट वरून मिटते आणि ब्लेड पकडलं जातं. दुसरं, कट वाकडा चालला म्हणून मशीन तशीच चालू ठेवून वळवायला जाणं. सर्क्युलर सॉ सरळच जाते, गोल किंवा तिरकं वळण तिच्या नशिबात नाही, लाईन चुकली तर बटण सोडा, ब्लेड पूर्ण थांबू द्या, मशीन बाहेर काढा आणि पुन्हा सुरुवातीपासून या. फिरणारं ब्लेड फटीतून मागे ओढायचं नाही, आणि ब्लेड फटीत टेकलेलं असताना मशीन चालू करायची नाही. तिसरं बोथट ब्लेड, कारण मग माणूस जोर लावतो. काही मॉडेलला ब्लेडच्या मागे पोलादी पातं असतं, रायव्हिंग नाइफ, ते फट उघडी ठेवतं. असेल तर काढून फेकू नका, बरेच जण मधे येतं म्हणून काढतात.

तुमच्याबरोबर असं कधी झालंय?

एकदा. वाघबीळच्या बाजूला एका फ्लॅटचं काम होतं, शेवटची ओळ, तिच्यातला शेवटचा तुकडा, पावणेसहा वाजलेले. सहा वाजता आवाज बंद असा सोसायटीचा नियम, वॉचमन दोनदा इंटरकॉमवर बोलून गेलेला. घोडे मी आधीच आवरून लिफ्टजवळ नेऊन ठेवले होते, एकाच कटसाठी परत कोण लावणार. पट्टी दोन खोक्यांवर आडवी ठेवली, डावा गुडघा टेकवला आणि मधोमध कट घेतला. म्हणजे वर जे करू नका म्हणालो ते सगळं एकत्र. पट्टी खचली, मशीनचा आवाज एकदम दबला आणि पुढच्या क्षणी ती माझ्या गुडघ्याशी होती. जीन्स वीतभर फाटली, आत ओरखडा, बाकी काही नाही, कारण खालचा गार्ड मोकळा होता आणि झपकन बंद झाला. समोरच्या टाइलवर एक तिरकी चर पडली, ती नंतर फ्लोअरिंगखाली झाकली गेली. तुकडा मी मग हातकरवतीने कापला, हात थरथरत होते, दहा मिनिटं लागली आणि वॉचमनने काही म्हटलं नाही.

गार्ड सारखा अडकतो, म्हणून मिस्त्रीने बाइंडिंग वायरने बांधून ठेवलाय. चालेल?

वायर कापून टाका, आत्ता. गार्ड अडकतो कारण आत भुसा आणि लॅमिनेटचा चिकट गाळ साचलेला असतो. प्लग काढा, जुन्या टूथब्रशने साफ करा, गार्ड हाताने मागे ओढून सोडा, तो स्वतःहून टक्कन मिटला पाहिजे. रेंगाळला तर स्प्रिंग गेली, मशीन दुरुस्तीला. रोज सकाळी पहिल्या कटच्या आधी ही तपासणी, पाच सेकंदांचं काम आहे. पाचर मारून गार्ड उघडा ठेवलेली मशीन जमिनीवर ठेवली की ब्लेड फिरता फिरता टाइलवरून स्वतःच चालत सुटते, बघितलंय मी.

ब्लेड किती बाहेर ठेवायचं? फळीची डिझाइनची बाजू वर की खाली?

फळीच्या जाडीपेक्षा जेमतेम एका दाताएवढं जास्त. ८ एमएमची फळी असेल तर १२-१३ एमएम, बस. पूर्ण ६५ एमएम ब्लेड बाहेर काढून ८ एमएमची फळी कापणारे लोक आहेत, खाली काय आहे, कोणाचा पाय आहे, वायर आहे, काही बघत नाहीत.

डिझाइन खाली. दात खालून वर येतात म्हणून वरच्या बाजूला चिपा उडतात, तर चांगली बाजू खाली ठेवायची आणि माप मागच्या बाजूला आखायचं. आखताना डावं-उजवं उलटं होतं हे लक्षात ठेवा, लॉकची, म्हणजे फळी शेजारच्या फळीत अडकते ती, बाजू कुठली ते पेन्सिलने लिहून ठेवा, नाहीतर फळी वाया. आणि एक गोष्ट, कडेच्या कटला भिंतीपासून १० एमएम गॅप सोडायचाच असतो आणि वरून स्कर्टिंग येते, त्यामुळे दोन-चार बारीक चिपा उडाल्या तर जीवाला लावून घेऊ नका. त्या सुधारायला म्हणून २ एमएमची कड पुन्हा मशीनने तासायला जाऊ नका, ब्लेडला एकाच बाजूने लाकूड लागतं आणि ते घसरतं. एवढंसं काढायचं तर रंधा मारा.

शेवटची ओळ फार बारीक येते, ती उभी कशी चिरायची?

खरं उत्तर म्हणजे ती बारीक येऊच देऊ नका. काम सुरू करायच्या आधी हिशोब करा. समजा खोली ९ फूट ८ इंच, म्हणजे २९४६ एमएम. दोन्ही बाजूंना १०-१० गॅप, राहिले २९२६. फळी १९५ रुंद असेल तर १५ ओळींत २९२५ जातात आणि शेवटच्या ओळीला उरतो १ एमएम! सरळ पहिल्या भिंतीपासून अख्ख्या फळ्या लावत गेलात तर संध्याकाळी हा एक एमएम तुमची वाट बघत असतो. त्याऐवजी अख्ख्या ओळी १४ धरा, उरलेले १९६ दोघांत वाटा, पहिली आणि शेवटची ओळ ९८-९८. आता चिरायला तळहाताएवढी रुंद फळी आहे, क्लॅम्प लागतो, मशीनचा बेस नीट टेकतो. शेवटची ओळ ५० एमएमच्या खाली जाऊ द्यायची नाही हा साधा नियम.

चिरताना सरळ अॅल्युमिनियमची पट्टी दोन टोकांना आवळून बेस तिच्या कडेने चालवा. गुण्या (काटकोनाची पट्टी) छोट्या आडव्या कटला ठीक, उभ्याला पुरत नाही. मोटरकडचा, म्हणजे बेसचा रुंद भाग, जो तुकडा ठेवायचाय त्याच्यावर राहिला पाहिजे, पडणाऱ्या तुकड्यावर नाही.

ब्लेड कुठलं घ्यायचं?

लॅमिनेटसाठी बारीक दात, १८५ एमएमला ६० दातांच्या आसपास, कार्बाइड टोकाचं. लाकूड चिरायला २४ दात बरे. मशीनसोबत येणारं ब्लेड बहुतेक वेळा मोठ्या दातांचं असतं, ते लॅमिनेटच्या कडा कुरतडतं. लॅमिनेटवर जो घासला न जाणारा थर असतो त्यात अॅल्युमिनियम ऑक्साइड असतं, म्हणजे पॉलिश पेपरवर असतो तोच माल, त्यामुळे ब्लेड लाकडापेक्षा खूप लवकर बोथटतं. जळल्याचा वास, कडेला काळी रेघ, जोर लावावा लागणं, यातलं एक जरी दिसलं की ब्लेड काढा. ब्लेडवरचा बाण आणि गार्डवरचा बाण एकाच दिशेला, ब्लेडवर लिहिलेला जास्तीत जास्त आरपीएम मशीनच्या आरपीएमपेक्षा जास्त, आणि भोक बरोब्बर. भोक मोठं असेल तर कंपनीची रिंग टाका, पुठ्ठा किंवा टेप गुंडाळून बसवू नका. बदलताना प्लग काढलेला आणि तो तुमच्या नजरेसमोर, बॅटरीची मशीन असेल तर बॅटरी बाहेर.

एसपीसी फ्लोअरिंगलाही हीच मशीन लागते?

एसपीसी म्हणजे दगडाची पूड आणि प्लास्टिकची कडक फळी, तिला बहुतेक वेळा लागतच नाही. आडव्या कटला धारदार कटर ब्लेडने दोन-तीनदा ओरखडा आणि मोडा, सरळ तुटतं. लॅमिनेटच्या आडव्या कटांनाही हाताने दाबायचा गिलोटिनसारखा कटर मिळतो, आवाज नाही, भुसा नाही, दुपारी दोन ते चारमध्येसुद्धा काम चालू. एका खोलीसाठी स्वतः करणार असाल तर मी तोच सुचवेन, मग सॉ फक्त उभ्या कटांपुरती उरते. दरवाज्याच्या चौकटीची खाच, पाइपाचं भोक, याला जिगसॉ, म्हणजे वर-खाली चालणाऱ्या बारीक पात्याची मशीन.

मशीन धरायची कशी, उभं कुठे राहायचं?

दोन्ही हात दोन मुठींवर. दोन्ही हात मशीनवर असले की कापायला बोट उरतच नाही. ब्लेडच्या सरळ रेषेत मागे उभं राहू नका, एक पाऊल बाजूला. ब्लेड पूर्ण स्पीडला आलं की मग फळीला लावायचं, ढकलायचं नाही, त्याच्या चालीने जाऊ द्यायचं. कट संपल्यावर ब्लेड थांबेपर्यंत मशीन तिथेच. वायर खांद्यावरून मागे.

कुठल्या प्लगला लावायची? सहा अँपिअर चालेल का?

१२००-१४०० वॅटची मशीन २३० व्होल्टवर पाच-सहा अँपिअर खेचते, म्हणजे छोटा पॉइंट अगदी काठावर. गीझर किंवा एसीचा १६ अँपिअरचा पॉइंट वापरा. एक्स्टेन्शनची वायर १.५ स्क्वेअर एमएमची आणि रीळ पूर्ण उलगडलेलं, गुंडाळलेलं रीळ तापतं. बारीक वायरने व्होल्टेज पडतं, मोटर दमते, ब्लेड अडकायला लागतं. उघड्या वायरी काडेपेटीच्या काड्या खुपसून सॉकेटमध्ये अडकवायचा जो आपला राष्ट्रीय प्रकार आहे तो निदान या मशीनला नको. डीबीमध्ये (घरातल्या मेन स्विचच्या बोर्डात) ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लाइन तोडणारा स्विच, आहे का बघा आणि तिचं टेस्ट बटण दाबून बघा. मशीनला दोनच पिना असतील तर घाबरू नका, प्लेटवर चौकोनात चौकोन अशी खूण असते, म्हणजे डबल इन्सुलेशन आहे, अर्थिंग लागत नाही.

मास्क, चष्मा, हातमोजे, सगळं लागतं का?

चष्मा आणि कानाला मफ लागतातच. ही मशीन १०० डेसिबलच्या आसपास ओरडते, आणि अमेरिकेच्या निऑश संस्थेच्या हिशोबाने १०० डेसिबलला विनासंरक्षण दिवसाला फक्त १५ मिनिटं. माझा डावा कान कमी ऐकतो, बायको म्हणते सोयीचं पडतं.

मास्क एन९५ किंवा एफएफपी२, ओला रुमाल नाही. लाकडाचा भुसा माणसात कॅन्सर करतो असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने १९९५ मध्येच पहिल्या गटात टाकलंय, आणि लॅमिनेटच्या आतल्या एचडीएफमध्ये (लाकडाचा चुरा दाबून केलेल्या बोर्डात) वर फॉर्मल्डिहाइडवाला डिंक. जमलं तर मशीनच्या तोंडाला व्हॅक्यूम जोडा. पंखा बंद, एसी बंद आणि झाकलेला.

सुती सैल हातमोजे नको, दात धाग्यात अडकला की हात आत ओढतो. त्याच कारणाने गळ्यातला गमछा, मनगटाचा लाल धागा, कडं, सगळं बाजूला. चप्पल नको, बूट.

सोसायटीवाले आवाजावरून भांडतात, नियम काय?

केंद्राच्या २००० सालच्या ध्वनी प्रदूषण नियमांत रहिवासी भागाला दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ मध्ये ४५ डेसिबलची मर्यादा आहे. बाकी दुपारची झोप, रविवार, सहाची वेळ हे सोसायटीचं आपलं आपलं. काम घेतानाच वेळा लिहून घ्या, आणि सगळे मोठे कट सकाळी उरका.

बसवलेली एक फळी मधूनच खराब झाली, ती मशीनने कापून काढता येईल?

येते, पण पहिल्याच कामात हे करू नका. ब्लेड वरून आत उतरवावं लागतं, म्हणजे गार्ड हाताने उचलून धरायचा, बेसचं पुढचं टोक टेकवून हळूहळू खाली. कटची खोली नेमकी फळीच्या जाडीएवढी ठेवायची, खाली २-३ एमएम फोम आणि त्याखाली व्हिट्रिफाइड टाइल, तिला ब्लेड लागलं की दात उडतात. कोपरे मल्टिटूलने किंवा पटाशीने. सोपा रस्ता म्हणजे जवळच्या भिंतीची स्कर्टिंग काढून तिथपर्यंत ओळी सोडवत यायच्या, वेळ जातो पण ब्लेडला हात लावावा लागत नाही.

बोटाला लागलं तर?

प्लग ओढा. स्वच्छ कपड्याने जखम जोरात दाबून धरा, हात छातीच्या वर. हळद, कॉफी पावडर काही भरू नका. बोट तुटलं असेल तर ते शोधा, ओलसर स्वच्छ कापडात गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधा आणि ती पिशवी बर्फ-पाण्यात ठेवा. बोट थेट बर्फावर किंवा पाण्यात टाकायचं नाही, पेशी मरतात. १०८ फुकट आहे. तुटलेलं जोडणारे प्लास्टिक सर्जन कुठे आहेत ते फोनवर विचारून मगच निघा, आधी जवळच्या छोट्या दवाखान्यात आणि मग तिथून पुढे असं करत वेळ जातो. एका माणसाला लिफ्ट धरायला पाठवा, एकाला गेटवर.

पहिल्यांदाच हातात घेतोय, सुरुवात कशी करू?

खराब निघालेली एक फळी घ्या, सामानात एखादी निघतेच. टेबलावर आवळा आणि तिचे दहा आडवे तुकडे करा, प्रत्येक वेळी मशीन बंद, ब्लेड थांबेपर्यंत थांबायचं, मग पुढची रेघ. सातव्या-आठव्या कटला मशीनचा आवाज कानाला ओळखीचा होतो, कधी मोकळी चाललीय आणि कधी दमतेय ते कळायला लागतं. मग खोलीतल्या पलंगाखाली जाणाऱ्या ओळीपासून सुरू करा, दरवाज्यासमोरची ओळ शेवटी.